शेर, तोळा आणि ग्रॅम : मापांच्या बदलाची एक हकिकत



स्मरणिकेसाठी काही लिहून द्या, असे संपादक मंडळाने सांगितले, तेव्हा मी विचारले की गणिताच्या मास्तराने काय लिहावयाचे? आयुष्यभर फळ्यावर मीटरचे सेंटिमीटर आणि किलोचे ग्रॅम करण्यात माझी वर्षे गेली. सहावी-सातवीच्या मुलांना हा पाठ अतिशय रुक्ष वाटतो. दशांश चिन्ह उजवीकडे सरकवा, डावीकडे सरकवा, उत्तराखाली दोन रेघा ओढा, झाले! परीक्षा संपली की मुले हा पाठ विसरतात आणि पालकांनाही त्याचे काही वाटत नाही. म्हणून प्रथम एक घडलेली गोष्ट सांगतो. मापांचा इतिहास त्या गोष्टीच्या पोटातच आहे.

१९८० च्या सुमारास, मी नुकताच नोकरीला लागलो होतो तेव्हा, आमच्या मोहल्ल्यातील एक विधवा बाई आपल्या भावाला घेऊन घरी आल्या. त्यांचा निकाह १९५४ सालचा. निकाहनाम्यात मेहर लिहिला होता, “पाच तोळे सोने”. मेहर नवऱ्याच्या हयातीत दिला गेला नव्हता. आता नवरा वारला, आणि मेहर हे तर मयताच्या डोक्यावरचे कर्ज, ते फेडल्यावाचून वारसांत वाटणी करता येत नाही. सासरची माणसे भली होती. द्यायला कोणी नाकारत नव्हते. त्यांनी पन्नास ग्रॅम सोने बाजूला काढूनही ठेवले होते. सराफाने सांगितले होते की एक तोळा म्हणजे दहा ग्रॅम, पाच तोळे म्हणजे पन्नास. बाईंचा भाऊ मात्र अडून बसला. तो म्हणाला, “मास्टरसाब, तेव्हाचा तोळा इतका हलका नव्हता. अम्मीने हातात घेऊन पाहिलेला तोळा वेगळा होता.” दोन्ही बाजूंचा एकमेकांवर विश्वास होता, तरी बोलणे वाढू लागले होते. मी त्यांना दोन दिवसांनी यायला सांगितले. खरे सांगावयाचे तर मला स्वतःलाच नीट ठाऊक नव्हते.

तोळ्याची कुळकथा शोधू गेलो, तर ती रुपयाशी येऊन मिळाली. आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा हे कोष्टक आपल्या आजी-आजोबांना तोंडपाठ होते. गुंज म्हणजे रानात वेलीवर येणारे लालभडक बी, टोकाला काळा ठिपका असलेले. उत्तरेकडे तिलाच रत्ती म्हणतात. सोनार तीच तराजूत टाकीत. पण एका वेलीची गुंज दुसऱ्या वेलीच्या गुंजेएवढीच असेल याची हमी कोण देणार? म्हणून राज्यकर्त्यांनी नाण्याचा आधार घेतला. शेरशाह सूरीने (१५४० ते १५४५) चांदीचा जो रुपया पाडला, त्याचे वजन इंग्रजी मापात सुमारे १७८ ग्रेन भरते. मोगलांनी तोच रुपया चालविला. पुढे टांकसाळी वाढल्या, रुपयेही निरनिराळ्या वजनांचे झाले. शेवटी ईस्ट इंडिया कंपनीने १८३३ च्या कायद्याने तोळा १८० ग्रेनचा ठरविला, आणि १८३५ पासून कंपनीचा रुपयाही नेमका तेवढ्याच वजनाचा पाडला जाऊ लागला. म्हणजे खिशातला रुपया हेच एक वजन होते! आमची दादी “पाच रुपयाभार जिरे” असे म्हणे, तेव्हा ती जिऱ्याची किंमत सांगत नसे. पाच रुपयांच्या नाण्यांएवढे जिरे, असा त्याचा अर्थ होता. असे पाच तोळे म्हणजे एक छटाक, सोळा छटाकांचा म्हणजे ऐंशी तोळ्यांचा पक्का शेर, आणि चाळीस शेरांचा मण.

हे कागदावरचे कोष्टक झाले. बाजारात गेले की कच्चा शेर वेगळा आणि पक्का शेर वेगळा. धान्य तर तोलण्याऐवजी मापानेच घेण्याची पद्धत. चिपटे, मापटे, शेर, पायली अशी ती मापांची उतरंड. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. आमच्या पूर्व विदर्भाच्या धानाच्या मुलखात कुडो आणि खंडी चालत, वीस कुडोंची खंडी. पण या गावचा कुडो त्या गावी नेला तर तो कमी-जास्त भरे, आणि माप सपाट रेघेवर पुसून घ्यावयाचे की शिगोशीग भरावयाचे, यावर बाजारात रोज तंटा. विकणारा पुसून देई आणि विकत घेताना शीग लावून घेई. ज्याच्या हातात माप त्याचा फायदा, असा तो मामला होता. कुरआन शरीफात माप-तोलात कमी देणाऱ्यांविषयी एक स्वतंत्र सूरा आहे, हे आपल्या मुलांना मदरशातच शिकविले जाते. बाजार बदलला तरी हा रोग पुरातन आहे, एवढेच त्यावरून ध्यानात यावे.

कापसाची खंडी तर आणखी निराळी. नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ च्या १ जानेवारीला सुरू झाली आणि हिंगणघाटचा कापूस देशोदेशी नावाजला गेला. पण त्याचा भाव मुंबईच्या खंडीत बोलला जाई, आणि ही खंडी ७८४ पौंडांची. ३९२ पौंडांची एक गाठ, अशा दोन गाठींची एक खंडी. मित्रांनो, गंमत अशी की मुंबईच्या रुईबाजारात आजही भाव खंडीचाच सांगितला जातो. फक्त आता ती ३५५.६२ किलोग्रॅमची म्हणतात. हा विचित्र आकडा कोठून आला, हे पाहावयाचे असेल तर ७८४ ला ०.४५३५९ ने गुणून पाहा. शेतकरी आपला कापूस विकतो क्विंटलने, म्हणजे शंभर किलोने, आणि तोही सरकीसकट. व्यापारी सरकी काढलेल्या रुईचा भाव बोलतो खंडीने. ज्याला या दोहोंचा मेळ घालता येत नाही, त्याला बाजारात नेमके काय चालले आहे ते समजतच नाही.

लांबी आणि जमीन यांच्या मोजणीतही हाच गोंधळ होता. आईन-ए-अकबरीत एक मोठी बोलकी नोंद आहे. अकबराच्या काळी प्रथम जमीन ताग-अंबाडीच्या दोराने मोजीत. दोर दंवाने ओला झाला की आखडतो आणि वाळला की सैल पडतो. दोर आखूड झाला की तीच जमीन मोजणीत जास्त भरते आणि रयतेवर सारा जास्त बसतो. म्हणून १५७५ च्या सुमारास दोर काढून लोखंडी कड्यांनी जोडलेल्या बांबूंची जरीब आणली गेली. पुढे सारे गज रद्द करून एकच इलाही गज ठरविला, एकेचाळीस बोटांचा. महाराष्ट्रात शिवाजी महाराजांच्या काळी अण्णाजी दत्तोंनी पाच हात पाच मुठींची काठी ठरवून मोजणी केली, ती याच गरजेतून. मलिक अंबरची निजामशाहीतील जमाबंदी त्याहून आधीची. राजा कोणताही असो, रयतेला न्याय द्यावयाचा तर आधी काठी एक करावी लागे.

आता आपल्या नागपूरकडे येऊ. सीताबर्डीजवळ झिरो माईलचा जो दगडी खांब आणि घोड्यांचे पुतळे आहेत, ते आपण सर्वांनी पाहिले आहेत. साऱ्या हिंदुस्थानातील अंतरे येथून मोजीत असे सर्रास सांगितले जाते. पण तेथील सर्वेक्षणाचा दगड मुख्यतः उंचीची खूण आहे. १९०७ साली बसविलेल्या या खुणेवर समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट अशी दिलेली आहे. मी सातवीच्या मुलांना दरवर्षी तेथे नेत असे आणि खांबासमोर उभे करून विचारत असे, मीटरमध्ये किती? एक फूट म्हणजे ०.३०४८ मीटर. गुणाकार केला की ३१०.९४८ मीटर. त्याच खांबावर हैदराबाद ३१८ मैल असे कोरलेले आहे. १.६०९ ने गुणा, जवळजवळ ५१२ किलोमीटर. जी मुले वर्गात पेंगत, तीच तेथे उन्हात उभे राहून एकमेकांच्या आधी उत्तर सांगण्यासाठी ओरडत.

हा खांब ज्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा, ते १८०२ साली मद्रासेजवळ कर्नल विल्यम लॅम्ब्टन याने सुरू केले. पोलादी साखळी जमिनीवर अंथरून पायाची रेषा मोजावयाची आणि मग सुमारे अर्ध्या टनाचे थिओडोलाइट टेकड्या-देवळांवर चढवून त्रिकोणांवर त्रिकोण बांधीत उत्तरेकडे सरकावयाचे. वीस वर्षे हे काम करीत करीत लॅम्ब्टन हैदराबादेहून नागपूरकडे निघाला आणि वाटेत हिंगणघाटला २० जानेवारी १८२३ रोजी मरण पावला. त्याची कबर तेथेच आहे. आपल्यापासून दोन तासांच्या वाटेवर पृथ्वी मोजणारा माणूस निजलेला आहे, आणि आपण हिंगणघाट म्हटले की फक्त कापूस आठवतो!

त्याच्यामागून आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टची मोठी अडचण होती ती उपकरणांची. साखळी उन्हाने लांबते, थंडीत आखडते, अकबराच्या दोराचेच दुखणे हे, फक्त लोखंडात. विलायतेहून आणलेली यंत्रे येथे बिघडत आणि दुरुस्त करणारा मिळत नसे. हे काम ज्याने अंगावर घेतले तो होता आर्काटचा सय्यद मीर मोहसिन हुसेन. मद्रासेत तो घड्याळे व जवाहिराचे काम करीत असे. १८२४ साली त्याला कलकत्त्यास नेण्यात आले. शाळा-कॉलेजचे शिक्षण नव्हते, पण हाताला बारकावा आणि डोळ्याला शिस्त. थिओडोलाइटची चक्रे आणि मोजणीचे दांडे दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा एव्हरेस्टला मिळाला नाही. इंग्रज कारागीर गेल्यावर १८४० च्या दशकात गणिती उपकरणांच्या निर्मात्याचे सरकारी पद या सय्यदाला मिळाले. एव्हरेस्टचे नाव शिखराला लागले. मोहसिन हुसेनचे नाव आमच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात मला आढळले नाही. असो.

लॅम्ब्टन येथे जे करीत होता तेच थोडे आधी फ्रान्समध्ये झाले होते. क्रांतीपूर्वी तेथेही गावोगावी वेगळे माप. १७९२ ते १७९८ या काळात देलांब्र आणि मेशँ या दोघांनी डंकर्कपासून बार्सिलोनापर्यंत रेखांशाची रेषा मोजली आणि उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर, असे ठरले. त्यांच्याही फार पूर्वी, १०१८ च्या सुमारास, पंजाबातील नंदना किल्ल्याच्या डोंगरावर उभे राहून अल्-बिरूनीने क्षितिज किती कलते ते मोजून पृथ्वीची त्रिज्या काढली होती. माप राजाच्या हातावरून किंवा गुंजेवरून न घेता साऱ्यांच्या समाईक पृथ्वीवरून घ्यावे, ही कल्पनाच मोठी सुंदर. आज मीटर प्रकाशाच्या वेगावरून ठरतो (१९८३ पासून), आणि २० मे २०१९ पासून किलोग्रॅमही धातूच्या ठोकळ्यावर अवलंबून राहिलेला नाही. पण दहा-दहाची शिडी तीच आहे. शिवाय मीटरचा लीटरशी आणि लीटरचा किलोशी संबंध जोडलेला आहे. दहा सेंटिमीटर लांब, रुंद, उंच अशा डब्यात मावते ते एक लीटर, आणि तेवढ्या पाण्याचे वजन एक किलो. आमच्या मापटे-शेरात अशी सांगड नव्हती. शेर दुधाचा, शेर धान्याचा आणि शेर वजनाचा, तिघांचे नाव एक आणि तिघे वेगळे.

हिंदुस्थानात मेट्रिक पद्धत आली ती १९५६ च्या कायद्याने, हे पुस्तकात आहे. पुस्तकात नसलेली गोष्ट अशी की ती त्याआधी पंचाऐंशी वर्षे दारात येऊन परत गेली होती. लॉर्ड मेयो व्हाइसरॉय असताना १८७० व १८७१ साली कायदे झाले की शेर यापुढे पॅरिसमधील किलोग्रॅमच्या बरोबरीचा असावा. नाव शेर, वजन किलोचे! १८७२ च्या फेब्रुवारीत मेयोचा अंदमानात खून झाला आणि कायदा कागदावरच राहिला. तो अंमलात आला असता तर आमच्या आजीला “शेर” हा शब्द सोडावा लागला नसता, नातवालाही पुन्हा नवे शिकावे लागले नसते. मला स्वतःला ही मोठी हुकलेली संधी वाटते.

डिसेंबर १९५६ मध्ये वजन-मापांचा कायदा झाला, तेव्हा नागपूर मध्य प्रदेश सोडून द्विभाषिक मुंबई राज्यात येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मेट्रिक वजने, आणि १ एप्रिल १९६२ पासून देशभर जुनी वजने बंद. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. आमच्या आधीच्या मुलांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी असे अपूर्णांकांचे पाढे घोकावे लागत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा! ते काही हौसेने नव्हे. तेरा शेर सहा छटाक धान्य, शेराला सात आणे तीन पै दराने, तर किती झाले? शेराचे छटाक सोळा, रुपयाचे आणे सोळा, आण्याच्या पै बारा. उत्तर सहा रुपये एक आण्याला थोडे कमी, पण तेथवर पोचेपर्यंत पाटी दोनदा पुसावी लागे. त्या जागी दशांश चिन्ह आले आणि पाढ्यांचे हे सगळे घराणे एका पिढीत नाहीसे झाले. मला त्याची हळहळही वाटते. त्या पाढ्यांनी तोंडी हिशेब पक्का होई.

बदलाचा फटका गरिबाला कसा बसतो, तेही तेव्हा पाहिले. अब्बा हातमागावर काम करीत. घरात शेरभर डाळ चौदा आण्यांना येई. किलो आला तसा कोपऱ्यावरच्या एका दुकानदाराने सरळ “किलो एक रुपया” म्हणून सांगितले. अम्मीला वाटले, माप मोठे, म्हणून दाम मोठा. अब्बांनी माझ्या पाटीवर हिशेब मांडला. शेर ९३३ ग्रॅमचा, किलो हजाराचा. म्हणजे किलो ६७ ग्रॅमने मोठा, शेकडा सात. चौदा आणे म्हणजे साडेसत्याऐंशी नवे पैसे. त्यावर शेकडा सात चढविले तरी चौऱ्याण्णव पैशांच्या पुढे जात नाही. वरचे सहा पैसे कशाचे? अब्बा दुकानावर जाऊन आले. काय बोलले ठाऊक नाही, पण दुसऱ्या दिवसापासून डाळ चौऱ्याण्णव पैशांना मिळू लागली. आण्यांचेही तसेच. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे, पण सुट्ट्यात सहाच मोजत. चार वेळा आण्या-आण्याचे सामान आणले तर चोवीस पैसे, एकदम पावलीचे, म्हणजे चार आण्यांचे, आणले तर पंचवीस. आम्ही पोरे अर्थातच चार खेपा घालीत असू.

अब्बांच्या मागावर मात्र इंग्रजी माप शेवटपर्यंत टिकले. सुताला नंबर असतो. ८० नंबरचे सूत म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या ऐंशी लड्या बसतील इतके बारीक सूत. गुणाकार करून पाहा, ६७,२०० वार, म्हणजे सुमारे ६१ किलोमीटर. एका पौंडाचे, अर्ध्या किलोहूनही कमी वजनाचे सूत उलगडले तर नागपूरहून वर्ध्याच्या वाटेवर बरेच पुढे जाईल! मोमिनपुऱ्यातल्या किंवा पाचपावलीतल्या जुन्या विणकरांना हे ठाऊक असते, फक्त किलोमीटरमध्ये त्यांनी ते कधी मोजलेले नसते. नऊवारी लुगडेही नऊ वारांचेच राहिले, मीटरने मोजले तर ८.२३. त्याला कोणी “सव्वाआठ मीटरी” म्हणत नाही आणि म्हणूही नये.

आता वर्गातल्या चुकांविषयी थोडे. लांबीची शिडी मुलांना येते. किलो, हेक्टो, डेका, मीटर, डेसी, सेंटी, मिली, खाली उतरताना प्रत्येक पायरीला दहाने गुणा. पण क्षेत्रफळ आले की घात होतो. “एक मीटर म्हणजे शंभर सेंटिमीटर, तर एक चौरस मीटर म्हणजे किती चौरस सेंटिमीटर?” वर्गातील निम्मी मुले शंभर म्हणतात. शंभर लांबीला आणि शंभर रुंदीला, म्हणून दहा हजार. घनमीटरला दहा लाख. पालकांनी घरच्या फरशीवर खडूने एक मीटरचा चौकोन काढून दाखवावा, मूल जन्मात विसरणार नाही.

याच चुकीची किंमत सातबाऱ्यावर मोजावी लागते. पूर्वी चाळीस गुंठ्यांचा एकर होता. आता शंभर आरांचे हेक्टर. उताऱ्यावर १.२० असे क्षेत्र असले तर ते एक हेक्टर वीस आर, म्हणजे १२,००० चौरस मीटर, जुन्या हिशेबाने दोन एकर साडेअडतीस गुंठे. जुन्या सवयीची माणसे वीसला चाळिसाच्या निम्मे समजून “दीड हेक्टर” म्हणतात. तीस आर जमीन हवेतून निर्माण झाली! आर आणि गुंठा मात्र जवळजवळ सारखे आहेत, गुंठा शेकडा एकानेच मोठा, एवढे लक्षात ठेवले की वडिलांचा जुना दस्त आणि नवा उतारा शेजारी ठेवून ताळा घेता येतो.

मोठमोठ्या माणसांचीही यात फसगत होते. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडातील एका प्रवासी विमानाचे इंधन आकाशात संपले. प्रवासाला २२,३०० किलोग्रॅम इंधन हवे होते. टाकीत ७,६८२ लीटर शिल्लक होते. कॅनडात तेव्हा मेट्रिक पद्धत नुकतीच येत होती आणि एक लीटर म्हणजे १.७७, हा जुना पौंडांचा गुणक हिशेबात घातला गेला. किलोसाठी तो सुमारे ०.८ हवा होता. उत्तर पौंडात आले आणि सर्वांनी ते किलो म्हणून वाचले. विमान निम्म्याहून कमी इंधन घेऊन उडाले. वैमानिकाने ते ग्लायडरसारखे तरंगत गिम्ली गावच्या जुन्या धावपट्टीवर उतरविले आणि कोणाचाही जीव गेला नाही, ही परमेश्वराची कृपा आणि त्याच्या हाताचे कसब. मुलांनो, पेपरात एकक न लिहिता नुसता आकडा लिहिता तेव्हा मास्तर अर्धा गुण का कापतात, ते आता कळले असेल.

आपल्या घरांतील दोन हिशेब येथे सांगितले पाहिजेत. जकातीचा निसाब आपल्याकडे साडेसात तोळे सोने आणि साडेबावन्न तोळे चांदी असा सांगितला जातो. हा तोळा जुना, बारा माशांचा. एक तोळा ११.६६४ ग्रॅम धरला की सोन्याचे ८७.४८ ग्रॅम आणि चांदीचे ६१२.३६ ग्रॅम होतात. बाजारात तोळा म्हणजे दहा ग्रॅम असे ऐकून कोणी ७५ आणि ५२५ ग्रॅम धरू लागले तर ते बरोबर नाही. फित्र्यासाठी अनेक घरांत पावणेदोन शेर गहू असा हिशेब होता. शेर ९३३.१ ग्रॅमचा, म्हणून १ किलो ६३३ ग्रॅम. पत्रकांत छापलेला हा अवघड आकडा अरबस्तानातून आलेला नाही, तो ऐंशी तोळ्यांच्या शेरातून आला आहे. काही उलेमा याहून अधिक वजन सांगतात, आणि सोने, चांदी, रोकड एकत्र धरल्यावर जकातीचा हिशेब बदलतो. ते मसले त्यांनाच विचारावेत. गुणाकार मात्र आपला आपण करता आला पाहिजे.

तर त्या बाई दोन दिवसांनी आल्या. सोबत दीरही होते. मी निकाहनाम्याची तारीख दाखविली. १९५४ साली दहा ग्रॅमचा तोळा कोणाच्या तोंडी नव्हता, कारण ग्रॅमच बाजारात नव्हता. लिहिणाऱ्याच्या मनात १८० ग्रेनचाच तोळा होता. पाच गुणिले ११.६६३८, म्हणजे ५८.३१९ ग्रॅम. देऊ केलेल्या सोन्याहून आठ ग्रॅम ३१९ मिलिग्रॅम जास्त. दिरांनी कागद हातात घेऊन गुणाकार स्वतः पुन्हा केला, खालून वर ताळा घेतला, आणि म्हणाले, “भाभी, हिसाब बरोबर आहे.” त्याच दुपारी आम्ही चौघे इतवारीत सराफाकडे गेलो. त्याने काट्यावर आधी पन्नास ठेवले, मग आठ, मग चिमट्याने मिलिग्रॅमची पत्र्याची बारीक वजने एकेक करून टाकली. काटा मध्यावर येऊन थांबेपर्यंत कोणी बोलले नाही.